आण्णा जाऊन सात महिने झाले, आई अजून त्यातच आहे आणि मला रडूच येत नाही

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. लांबलं तर सांभाळून घ्या, कुणाशी बोलायचं कळेना म्हणून लिहितोय.

फेब्रुवारीत आमचे आण्णा गेले. अटॅक आला, दवाखान्यापर्यंत न्यायला पण वेळ मिळाला नाही. बारावं होईपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती, पै-पाहुणे, भावकी, गल्लीतली माणसं, कोण कडू घास घेऊन येतंय, कोण थर्मासातनं चहा आणतंय, मी आपला येईल त्याला नमस्कार करत बसलेलो. रक्षाविसर्जन झालं, दहावा झाला, बारावं झालं, सगळं रीतसर. आणि दुसऱ्या दिवशी बघतोय तर घरात मी, आई, मिसेस आणि पाच वर्षांचा पोरगा. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला तेव्हा कळलं की आता कोण येणार नाही.

आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, आण्णांनीच उभं केलेलं. ऑर्डरी अडकल्या होत्या म्हणून बाराव्यानंतर मी लगेच शटर उघडलं, आणि खरं सांगायचं तर घरात बसवतच नव्हतं. तेव्हापासून सकाळी जातो ते रात्रीच येतो, सोमवारच्या सुट्टीला पण जातो. रडलो नाही अजून. मातीला आलेली माणसं म्हणाली पोरगा खंबीर आहे. पण परवा एका जॉबचं जुनं माप बघायला आण्णांची वही काढली, त्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘बुश 32.05, घाई करू नये’. झालं, हात असे थरथरायला लागले की मशीन बंद करून पोरांना चहाला पाठवलं आणि एकटाच बसून राहिलो. रडू तरी यावं की नाही, तेही नाही. हे काय असतं?

आईचं वेगळंच. दुपारी जेवायला ताटं घेताना अजून एक ताट जास्त घेते, मग कुणी बघायच्या आत परत ठेवते. बीपीची गोळी कधी घेते कधी विसरते. आण्णांच्या मोबाईलला अजून रिचार्ज मारायला लावते. पूर्वी शेजारणींबरोबर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायची ते बंद, कारण बायका म्हणतात वर्षाच्या आत असं हिंडू नये. आमची आत्ती फोनवर सांगते ‘वैनी, सावरा आता, किती दिवस धरून बसणार’ आणि तीच आत्ती घरी आली की म्हणते ‘एवढ्यात टीव्ही लावला व्हय?’

पोरगा विचारतो आज्जा कधी येणार. आम्ही सांगितलंय देवाच्या घरी गेलाय. आता तो म्हणतोय देवाचं घर म्हणजे अंबाबाईचं देऊळच ना, मग चला की घेऊन येऊ. काय उत्तर द्यायचं?

तर आईला डॉक्टरकडे न्यायची गरज आहे का, की वर्ष सरेल तसं आपोआप होईल? आणि माझं हे न रडणं बरं आहे का वाईट? दिवाळी तोंडावर आली, त्याचंही टेन्शन आहे.

पेठेतला_गडी

भावा, लई वाईट झालं. आमच्यात पण दोन वर्षांमागं झालंय. एकच सांगतो, काम सोडू नको. काळ हेच औषध. घरात बसलास की डोकं खातंय. आईला पण कशात तरी गुंतव, नातवाला तिच्याकडं सोपव, आपोआप लागतंय मन. आणि लोकांचं ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, कोल्हापुरात फुकटचा सल्ला द्यायला पैसे लागत नाहीत (हा पण धरून 😄).

निवांत_संध्याकाळ

मी समुपदेशनाचं काम करते. इथं आईंना न बघता निदान वगैरे करणार नाही, पण काही गोष्टी सांगते.

आधी तुमचं. न रडणं म्हणजे दुःख नाही असं नाही, आणि रडलंच पाहिजे असाही काही नियम नाही. काही माणसांचं दुःख हातातनं बाहेर पडतं, कामातनं. वही हातात घेतल्यावर जे झालं ते दुःखच होतं की. प्रश्न न रडण्याचा नाहीये, सुट्टीच्या दिवशीही शटर उघडण्याचा आहे. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये एक मांडणी केली, ती मला कामात फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं की गेलेल्या माणसासाठी झुरणं आणि रोजचं जगणं पुन्हा लावून घेणं या दोन्हीत माणूस ये-जा करत राहतो, आणि ही ये-जा चालू असणं हीच निरोगी गोष्ट. सकाळी हिशोब केला, दुपारी फोटो बघून डोळे भरून आले, संध्याकाळी पोराबरोबर हसला, रात्री परत पोटात कालवलं, हे ठीक. अडचण कधी होते, तर माणूस एकाच बाजूला जाऊन बसतो तेव्हा. तुमच्या घरात आई एका बाजूला बसल्यात आणि तुम्ही दुसऱ्या.

म्हणून पेठेतल्या दादांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. काम हवंच, पण त्यात आण्णांसाठी थोडी जागा पण हवी. ती वही लपवू नका. आठवड्यातनं एकदा रात्री जरा लवकर या आणि आईंना त्या वहीतलं एखादं पान वाचून दाखवा, ‘हे कुठलं जॉब गं, कुणाचं होतं’ असं विचारा. तुमच्यापेक्षा जास्त त्यांना माहीत असेल.

आणखी एक, लोक इंटरनेटवर वाचून दुःखाच्या पाच पायऱ्या सांगतात, आधी नकार मग राग मग अमुक मग तमुक. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडलं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांबद्दल नव्हे. त्यामुळं आई आता कितव्या पायरीवर आहे हे मोजत बसू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं याबद्दल नंतर सविस्तर लिहिते, आत्ता क्लायंट आलेत.

शिरोळची_लेक

दादा, तुमच्या आईच्या जागी मी आहे. मिस्टर जाऊन तीन वर्षं होतील. म्हणून जरा परखड लिहिते, राग मानू नका.

तुम्ही आईचं ताट, मोबाईल, गोळी सगळं बारीक बघितलंय, चांगलं आहे. पण तिला रंकाळ्यावर जाऊ देत नाहीत ते तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. अहो तिचा नवरा गेलाच, वर तिच्या मैत्रिणी, तिचं चालणं, तिचं हळदीकुंकू हे पण त्याच दिवशी गेलं. एका दिवसात माणसाचं सगळं जग काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं सावरा. कशाच्या आधारानं सावरायचं तिनं?

आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून सगळं बदललं असं मी म्हणत नाही, आमच्याच भावकीत अजून कुजबुज चालते. पण निदान ‘हे आमच्या जिल्ह्यातल्या गावानं बंद केलंय’ एवढं वाक्य तोंडावर मारायला मिळालं. माझ्या सासूबाईंनी तेच वाक्य दहाव्याला चारचौघींत म्हटलं आणि माझ्या हातातल्या बांगड्या वाचल्या. त्या बांगड्यांनी माझं दुःख कमी झालं नाही, पण अपमान तरी झाला नाही, आणि हे दोन वेगळे असतात हे पुरुषांना सांगूनच कळतं.

तुम्ही घरातले कर्ते आहात. आत्ती आल्या की तुम्ही बोला, आईला बोलायला लावू नका. ‘आई उद्यापासनं फिरायला जाणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणा. डॉक्टरांचं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात.

आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे शंभर भेटले मला. कामाला कोण आलं, तर शेजारची एक काकू. ती काही विचारायचीच नाही, गुरुवारी मेथी-शेपू काय मिळेल ते घेऊन यायची, ओट्याशी बसून निवडायची, मला पण अर्धी जुडी पुढं सरकवायची. बोललो तर बोललो नाही तर नाही. जेवलीस का असं विचारलं की मी हो म्हणायची, ती भांडी बघायची, त्यामुळं तिला फसवता यायचं नाही. तुमच्या गल्लीत अशी कोण असेल तिला गुपचूप सांगून ठेवा.

तर्कट

मला वाटतं मूळ प्रॉब्लेम हे बारावं-तेरावं प्रकरणच आहे. कावळा शिवला का नाही याच्यावर तासभर उन्हात उभं राहायचं, उसनं काढून गावजेवण घालायचं. एवढ्या पैशात आईला वर्षभर चांगली ट्रीटमेंट मिळाली असती. कर्मकांडानं कुणाचं दुःख कमी झालेलं मी बघितलं नाही.

पन्हाळा_रोड

@तर्कट, गावजेवणाचं मान्य, कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत. बाकीचं मान्य नाही, आणि का ते सांगतो.

माझा धाकटा भाऊ 2021 च्या मे महिन्यात कोविडनं गेला. दवाखान्यातनं फोन आला, बॉडी बॅगेत, आम्हाला लांब उभं केलेलं, तोंड पण बघायला मिळालं नाही. घरात आम्ही सगळेच पॉझिटिव्ह. कोण भेटायला आलं नाही, कोण येऊ पण शकत नव्हतं, व्हॉट्सॲपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे हात जोडलेले इमोजी तेवढे आले. रक्षाविसर्जन नाही, दहावा नाही, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. तुम्हाला पटणार नाही पण माझे वडील पुढं वर्षभर म्हणत होते की ती बॅग दुसऱ्याच कुणाची असेल, दवाखान्यात गोंधळ झाला असेल, पोरगं येईल. शिकलेला माणूस, रिटायर्ड हेडमास्तर. कारण डोळ्यांनी बघितलंच नाही तर मनाला पटणार कसं? ते बारा दिवस माणसं येतात, तीच तीच हकीकत दहा वेळा विचारतात, ‘कसं झालं, काय झालं, शेवटी काय बोलले’, आणि आपण कंटाळून दहा वेळा सांगतो, त्या सांगण्यातनंच ते आपल्याला हळूहळू खरं वाटायला लागतं. आम्हाला ते मिळालं नाही.

शेवटी वर्षश्राद्धाला आम्ही ठरवून सगळ्यांना बोलावलं. भटजी नाही, जेवणावळ नाही. शेतात बांधावर एक आंब्याचं रोप लावलं, प्रत्येकानं त्याच्याबद्दल एक आठवण सांगायची एवढंच. त्याच्या मित्रानं त्यानं कॉलेजात केलेला एक उद्योग सांगितला, सगळे हसले, आणि वडील हसता हसता जे रडायला लागले ते अर्धा तास. त्या दिवसानंतर ‘येईल’ म्हणायचं बंद झालं.

आता दर होळीला आम्ही भावाच्या नावानं पंचगंगा स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) देतो. महापालिका तिथं मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्याच्यासाठी लागणाऱ्या शेणी बऱ्याच लोकांच्या दानातनं येतात, कोल्हापूरकरांना माहीत आहेच. वडील स्वतः टेम्पोत चढून मोजून देतात. कर्मकांड म्हणा नाहीतर काहीही म्हणा, त्यांना त्या दिवशी भावासाठी काहीतरी करायला मिळतं.

तर्कट

तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. आंब्याच्या रोपाला माझा विरोध नाही. जेवणावळीबद्दल माझं मत तेच आहे.

पाटीपेन्सिल

मी बालवाडीत शिकवते, पोराचं उत्तर मी देते. ‘देवाच्या घरी गेला’, ‘झोपला’, ‘लांब गावाला गेला’ हे प्लीज बंद करा. या वयाची मुलं शब्द जसाच्या तसा धरतात. आमच्या वर्गात एक मुलगी दुपारी झोपायलाच तयार नव्हती, खोदून विचारल्यावर कळलं की आजी ‘झोपली’ ती उठलीच नाही असं घरी सांगितलेलं. मग ती कशी झोपेल?

सरळ सांगा. आज्जा मेला. त्याचं हृदय बंद पडलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण त्याला ते पेलतं, तुम्हालाच पेलत नाही. तो परत परत विचारेल, तेवढ्याच वेळा तेच उत्तर द्या, कारण मेलेलं माणूस कायमचं जातं हे या वयात एकदम समजत नाही. मध्येच खेळायला पळाला तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका, मुलांचं दुःख तुकड्या-तुकड्यानं येतं. आणि ‘माझ्यामुळं झालं का’ असं त्याच्या मनात नाही ना ते बघा. आज्ज्यावर कधी चिडला असेल तर मुलं त्याचा संबंध जोडतात.

उद्यमनगरकर

सगळ्यांना धन्यवाद, परत परत वाचलं. शिरोळच्या ताई, राग नाही, बरोबर बोललात. आत्तीशी मी बोलतो.

निवांत मॅडम, आईला झोप लागत नाही म्हणून एका ओळखीच्यानं मेडिकलमधनं गोळी आणून दिलीय, अल्प्रॅक्स. देऊ का? आणि मला पण रात्री झोपायला हल्ली एक क्वार्टर लागायला लागलीय, ते पण सांगून टाकतो. डॉक्टरचं तुम्ही लिहिणार होता.

निवांत_संध्याकाळ

गोळी देऊ नका. ही चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नाही. तिची सवय लागते, आणि वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठून तोल जाऊन पडतं. आईंनी आधीच घ्यायला सुरुवात केली असेल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. क्वार्टरनं झोप लागल्यासारखी वाटते पण पहाटे मोडते, आणि दुःख दुसऱ्या दिवशी तिथंच असतं. तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे चांगलं झालं. वाढायच्या आत थांबवा, जमत नसेल तर त्याच डॉक्टरांना तेही सांगा.

आता आईंबद्दल. जास्तीचं ताट, मोबाईल, आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, याला घाबरू नका, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आहे तो, हाताला सवय आहे. सात महिन्यात रडू येणं हा आजार नाही. पण काही जणांचं दुःख आटतच नाही, पहिल्या दिवशी होतं तसंच धारदार राहतं, रोजचं जगणं बंद पडतं. त्याला आता वेगळं नाव (प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर) आणि उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-11) त्यासाठी किमान 6 महिने धरलेत, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये मोठ्या माणसांसाठी 12 महिने धरले. म्हणजे तारखेवर अडून बसू नका, आई कशा आहेत ते बघा. जेवण तुटलंय का, वजन उतरलंय का, अंघोळ-केस विंचरणं सुटलंय का, नातवाकडं पण बघत नाहीत का. ‘मी पण गेले असते तर बरं’ असं म्हणतात का. म्हणत असतील तर विषय बदलू नका, सरळ विचारा, ‘आई, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?’ विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, औषधं आवाक्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

आणि बीपीची गोळी, हे मी सगळ्यात वर लिहायला हवं. जोडीदार गेल्यावरच्या काळात मागं राहिलेल्याच्या तब्येतीला खरोखर धोका वाढतो. छातीत दुखलं तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून घरी बसवू नका, ईसीजी काढा. गोळीची आठवण करायचं काम नातवाला द्या, तो विसरणार नाही, डबा मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नका.

आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. तिथवर जायचं नसेल तर टेलिमानस, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्हीच आधी फोन करा, आईसाठी म्हणून करा पाहिजे तर.

पेठेतला_गडी

मॅडम भारी लिहिलंय. मी काळ हेच औषध म्हणालो होतो, त्याच्याबरोबर बीपीची गोळी पण धरा म्हणतो.

भावा, क्वार्टर सोड आणि सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये. तुझे आण्णा कधी येत असतील तर तिथं ओळखणारे निघतील चार जण. म्हातारी माणसं लई आठवणी सांगतात.

उद्यमनगरकर

आण्णा रोज यायचे तिथं. येतो.

पोराला काल सांगितलं सरळ. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला आज्ज्याची सायकल मग माझी का. मिसेस रडली, मला हसू आलं, आई पण हसली. सायकल दिली त्याला, पाय पुरत नाहीत पेडलला.

दिवाळीला घरात काही करायचं नाही असं भावकीचं म्हणणं आहे, पण पोराला आकाशकंदील पाहिजे. तो लावणार. फराळ शेजारनं येईलच.

एक राहिलं. आण्णांचा मोबाईल. रिचार्ज चालू ठेवू का बंद करू? मित्र म्हणतो बंद कर, आई त्यातच अडकून राहते.

पन्हाळा_रोड

एवढ्यात बंद करू नका. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी नंबर कंपनीकडे परत जातो आणि दुसऱ्याला मिळतो. आमच्या ओळखीत एका बाईनं नवऱ्याच्या नंबरला सहज फोन लावला आणि पलीकडनं कुणीतरी ‘हॅलो, कोण पाहिजे’ म्हणालं. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या त्या.

आधी त्यातले फोटो, व्हॉइस मेसेज, रेकॉर्डिंग असतील ती सगळी दोन ठिकाणी काढून ठेवा. 2019 च्या पुरात आमच्या मावशीच्या घरातले सगळे अल्बम गेले, तेव्हापासनं मी हे प्रत्येकाला सांगतो. आणि बँकेचं काम त्या फोनवरच्या ओटीपीनं उरकू नका, मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा, नॉमिनी आई असतील तर क्लेमचा फॉर्म भरून रीतसर होतं. ते झालं की नंबरचं काय करायचं ते आईंना ठरवू दे. महिन्याचं रिचार्ज असं कितीचं असतंय?

शिरोळची_लेक

+1. आणि आत्तींशी बोललात का ते लिहा.